टॉर्क कन्व्हर्टर पूर्ण बसला की नाही, ओळखायचं कसं? (गिअरबॉक्स चढवताना बेलहाउसिंगला फट राहतेय)

आडवाटेचा

नमस्कार मंडळी,

गाडी जुनी, मागच्या चाकांवर चालणारी, इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं, ४ गिअरचा ऑटोमॅटिक. क्रँकचं मागचं ऑइल सील गळत होतं म्हणून गिअरबॉक्स उतरवला. एवढा खाली आलाच आहे तर पंपाचं पुढचं सीलही बदलून टाकू, असं ठरवून कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) बाहेर ओढला, सील बदललं आणि कन्व्हर्टर परत आत सरकवला. सरकवताना दोनदा 'टक्' असं जाणवलं आणि तो घट्ट थांबला. हाताने फिरत होता, म्हणून बसला असं समजलो.

आता गिअरबॉक्स जॅकवर घेऊन इंजिनला भिडवलाय. डावेल पिनांची (जागा अचूक जुळवणाऱ्या पिनांची) टोकं त्यांच्या भोकांत शिरलीत, पण बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं घंटेसारखं कवच) आणि इंजिन यांच्यात चारही बाजूंनी सारखी, साधारण १२ मिमी फट राहते. हलवून, उचलून, कोन बदलून पाहिलं. पुढे जात नाही.

बेलहाउसिंगचे बोल्ट लांब आहेत, त्यांना आटे मिळतायत. मदतीला आलेल्या मित्राचं म्हणणं, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत गेलो की ओढला जाईल, डावेल घट्ट आहेत एवढंच. मला धीर होत नाहीये.

आवळू का?

---

तेराचा पाना

नको!! पाना खाली ठेवा.

चारही बाजूंनी सारखी फट म्हणजे डावेल अडलेले नाहीत. डावेल अडला तर एका बाजूला फट जास्त दिसते. तुमचा कन्व्हर्टर पंपात गेलेला नाही, तो फ्लेक्सप्लेटला (क्रँकच्या मागे लावलेल्या पातळ चकतीला) टेकून गिअरबॉक्सला मागे ढकलतोय. जाणकार सविस्तर सांगतीलच, तोवर बोल्टला हात लावू नका.

---

निवृत्त फिटर

तेराचा पाना यांनी अचूक सांगितलंय. मी जरा खोलात जातो, कारण आत काय आहे ते डोळ्यांसमोर आलं की हे काम अंदाजाने करावं लागत नाही.

कन्व्हर्टर गिअरबॉक्सवर तीन ठिकाणी अडकतो. मधला इनपुट शाफ्ट सगळ्यात लांब. त्याच्या टोकाचे स्प्लाइन (शाफ्टवरचे लांबट दाते) कन्व्हर्टरच्या आतल्या टर्बाइनमध्ये जातात. त्या शाफ्टभोवती एक न फिरणारी नळी असते, पंपाच्या अंगालाच घट्ट बसवलेली. तिच्यावरही स्प्लाइन असतात आणि ते स्टेटरच्या (कन्व्हर्टरमधलं तेल वळवणाऱ्या चाकाच्या) एकमार्गी क्लचमध्ये बसतात. तिसरी जागा कन्व्हर्टरच्या स्वतःच्या नळीची, म्हणजे हबची. हबच्या टोकाला दोन खाचा असतात किंवा दोन बाजू सपाट केलेल्या असतात, आणि त्या पंपाच्या आतल्या गिअरच्या दोन दातांत अडकतात. इंजिन चालू असेपर्यंत पंप फिरतो तो या दोन दातांच्या जोरावर. गाडी उभी असो की पळत असो.

पहिल्या दोन जागी स्प्लाइन भरपूर असतात, थोडं फिरवलं की जुळतात. पंपाच्या खाचा दोनच, त्यामुळे अर्ध्या फेऱ्यातून एकदाच जुळतात. म्हणून शेवटी राहते ती हीच, आणि फसवतेही हीच. स्प्लाइन जुळलेले असले की कन्व्हर्टर डुगडुगत नाही, मजेत फिरतो, बसल्यासारखाच वाटतो. पण हबचं टोक पंपाच्या गिअरच्या दातांवर नुसतं टेकलेलं असतं. तुमचे दोन 'टक्' झाले, तिसरा बाकी आहे. उरलेली १२ मिमी फट त्या हिशोबात बसते.

आता बोल्ट आवळले तर काय होईल? पुढे क्रँक, मागे पंप, मध्ये कन्व्हर्टर. जायला जागा कुणालाच नाही. बोल्टच्या आट्यांचा जोर प्रचंड असतो आणि तो सगळा पंपाच्या गिअरवर येतो. हा गिअर कडक असतो, वाकत नाही, तडकतो. कधी दात तुटतात, कधी पंपाचं घर फुटतं, कधी फ्लेक्सप्लेट वाकते. काहीच तुटलं नाही तरी क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर कायमचा दाब राहतो आणि ते थोड्याच दिवसांत खलास होतं. वाईट भाग असा की आवळताना फार तर एक बारीक 'कट्' ऐकू येतो. सगळी जोडणी होते, तेल भरलं जातं, गाडी सुरू होते, आणि मग कळतं की गिअर टाकला तरी गाडी हलत नाही. पंपाचे तुकडे तोवर तेलाबरोबर फिरायला निघालेले असतात.

गिअरबॉक्स खाली घ्या.

---

शंकासुर

सगळे एका सुरात बोलतायत म्हणून मुद्दाम उलटं विचारतो.

१) बोल्टने ओढून बसवलेले गिअरबॉक्स मी पाहिलेत, आणि त्या गाड्या चालल्यात.
२) हाताचा गिअर असलेल्या गाडीत क्लच आधी फ्लायव्हीलला बसवतात आणि मग गिअरबॉक्स सरकवतात. इथेही कन्व्हर्टर आधी फ्लेक्सप्लेटला आवळून टाका, मग गिअरबॉक्स त्यात घाला. खालून बोल्ट शोधत बसायची कटकट नाही.

---

मीनल_यंत्र

शंकासुर, दुसऱ्यापासून सुरुवात करते.

हाताच्या गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या एकाच स्प्लाइनमध्ये जातो. तो जुळला नाही तर मागचं फ्लँज फिरवून जुळवता येतो. इथे तीन जोड, तिन्ही एकात एक, त्यांतला एक मुळीच न फिरणारा. कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटला जखडलात की तो सरकतही नाही आणि सहज फिरतही नाही. जुळवायचं काम जॅकवर लटकणाऱ्या जड गिअरबॉक्सने करायचं, आणि आत काहीच दिसत नाही. शिवाय हब शिरताना गिअरबॉक्सचं सगळं वजन नव्या सीलच्या ओठावर येतं. कन्व्हर्टर गिअरबॉक्सवरच बसवायचा आणि जोडी एकत्र चढवायची, याचं कारण हे.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धं. कन्व्हर्टर पूर्ण आत असेल, हाताने मोकळा फिरत असेल आणि डावेल पिना घट्ट असल्यामुळे शेवटची मिलिमीटर-दोन मिलिमीटर फट उरली असेल, तर बोल्ट हलके फिरवून ती मिटवण्यात धोका नाही. तुम्ही पाहिलेल्या गाड्या बहुतेक अशाच असाव्यात. प्रत्येक बोल्टच्या अर्ध्या-पाऊण फेऱ्यानंतर कन्व्हर्टर फिरतोय ना, हे बघायचं. फिरायचा थांबला तर तिथेच थांबायचं. १२ मिमीची गोष्ट वेगळी.

आता धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाकडे. 'टक्' मोजण्यावर माझा भरवसा नाही. निवृत्त फिटर काकांना कानाने कळतं, त्यांचा हात बसलेला आहे. नवख्याला दोन जोड एकदम जुळले तर एकच टक् ऐकू येतो. काही गिअरबॉक्सांत जोडच जास्त असतात. फोर्डच्या एओडी या ४ गिअरच्या डब्यात इनपुट शाफ्ट दोन, एकात एक. आतला थेट कन्व्हर्टरच्या पुढच्या झाकणाशी जोडलेला. तिथे तीन टक् मोजून समाधान मानणारा हमखास फसतो.

त्यापेक्षा मोजा. मापं दोनच.

पहिलं माप गिअरबॉक्सवर. बेलहाउसिंगच्या तोंडावर एक सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवा. पट्टीच्या कडेपासून कन्व्हर्टरच्या बोल्ट बसणाऱ्या पृष्ठभागापर्यंतची खोली व्हर्नियरने घ्या. कन्व्हर्टर मागे दाबून धरून घ्यायची, आणि तिन्ही-चारही बोल्टच्या जागी.

दुसरं इंजिनवर. इंजिनच्या मागच्या तोंडापासून फ्लेक्सप्लेटचा कन्व्हर्टरला टेकणारा भाग किती बाहेर आलाय ते घ्या.

पहिल्यातून दुसरं वजा केलं की गिअरबॉक्स भिडल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट यांच्यात किती फट राहील ते आधीच कळतं. उत्तर वजा आलं तर गिअरबॉक्स उचलायचाच नाही. मॅन्युअलमध्ये पहिल्या मापाचा आकडा दिलेला असतो, तो मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तरी या वजाबाकीवर काम होतं.

एक गोष्ट सुटते: इंजिन आणि बेलहाउसिंगच्या मध्ये पातळ पत्रा असतो. तो जागेवर ठेवूनच दुसरं माप घ्या. काढून घेतलं तर पत्र्याच्या जाडीएवढी फट नंतर वाढलेली दिसेल.

---

आडवाटेचा

सर्वांचे आभार. गिअरबॉक्स खाली घेतला. मित्र थोडा नाराज आहे.

मापं घेतली. पत्रा लावून इंजिनच्या बाजूला फ्लेक्सप्लेट २५ मिमी बाहेर. गिअरबॉक्सच्या बाजूला खोली १३ मिमी. म्हणजे उणे १२. फट दिसत होती तेवढीच!

आता तो पंपात घालायचा कसा? फिरवतोय, दाबतोय, काही होत नाही.

---

निवृत्त फिटर

दाबू नका. दाबलं की हब दातांवर घट्ट बसतो, आणि मग फिरवलं तर खाचेऐवजी गिअरच फिरतो तुमच्याबरोबर. जन्मभर फिरवलंत तरी जुळणार नाही.

कन्व्हर्टर एकदा पूर्ण बाहेर घ्या. बॅटरीने पंपाच्या तोंडात बघा, सीलच्या आत गिअरचे दोन दात दिसतील. ते घड्याळाच्या काट्यांत कुठे आहेत बघून बेलहाउसिंगच्या कडेवर खडूने खूण करा. समजा ३ आणि ९ वर आहेत. मग हबच्या खाचांच्या रेषेत कन्व्हर्टरच्या बाहेरच्या अंगावर खुणा करा. आता कन्व्हर्टरच्या खुणा ३ आणि ९ ला धरून तो सरकवायचा. शेवटच्या टप्प्यावर आंधळी कोशिंबीर खेळावी लागत नाही, थोडं इकडेतिकडे केलं की खाच सापडते.

शक्य असेल तर गिअरबॉक्स शेपटीवर उभा करा, भक्कम टेकू देऊन. कन्व्हर्टर वरून खाली उतरला की त्याचं वजन तुमच्या बाजूने काम करतं. उभा करणं जमत नसेल तर निदान पुढचं तोंड वर उचला. आडव्या गिअरबॉक्सवर कन्व्हर्टरचा पुढचा भाग खाली लोंबतो, हब तिरका जातो आणि स्प्लाइन जुळले तरी अडकतात. आडवाच ठेवावा लागला तर एका हाताने खालून वजन पेलायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं. दोन्ही दिशांनी, थोडं थोडं. स्टेटरचा क्लच एकाच दिशेला मोकळा फिरतो, त्यामुळे एकाच दिशेला फिरवत राहिलात तर त्याचे स्प्लाइन कधी कधी हुलकावणी देतात.

आणि सीलच्या ओठाला व हबला एटीएफचा (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचा) हात फिरवा. कोरडं घालू नका.

---

तेराचा पाना

+१ खुणांच्या युक्तीला.

कन्व्हर्टर बाहेर काढणारच आहात तर हबवर नख फिरवून बघा. सीलच्या जागी नख अडेल अशी रेघ पडली असेल तर नवं सीलही गळेल. नुसता काळपटपणा असेल तर बारीक पॉलिश पेपरने, गोलाकार, उभं-आडवं नाही. पंपाच्या तोंडातलं बुशही बघा. बुश झिजलं असेल तर सील बदलून उपयोग नाही, हब डुलत राहतो आणि सील पुन्हा खराब.

इनपुट शाफ्टच्या टोकाला रबरी किंवा टेफ्लॉनची रिंग आहे का? काही मॉडेलांत असते, लॉकअप क्लचचा (वेग धरल्यावर कन्व्हर्टरला थेट जोडणाऱ्या क्लचचा) दाब तिथून जातो. ती तुटली की लॉकअप नीट लागत नाही, आणि दोष बिचाऱ्या कन्व्हर्टरवर येतो.

---

सावकाश

मधेच विचारतो. कन्व्हर्टरमध्ये आधी तेल भरायचं की कोरडाच बसवायचा? दोन्ही ऐकलंय.

---

निवृत्त फिटर

भरायचं. काठोकाठ नाही. हब वर करून ठेवा, साधारण लिटरभर एटीएफ हळूहळू ओता, ते आत झिरपू द्या. पूर्ण भरलात तर आडवं करताना तेवढंच जमिनीवर.

---

शंकासुर

पुन्हा मीच. इंजिन सुरू झालं की पंप दोन सेकंदांत कन्व्हर्टर भरतो. मग आधी भरण्याचा उपद्व्याप कशाला?

---

मीनल_यंत्र

भरतो, पण दोन सेकंदांत नाही. तोवर पंप आणि आतले बेअरिंग जवळजवळ कोरडे फिरतात. कोरडा बसवला म्हणून गिअरबॉक्स लगेच मेला असं होत नाही, हे मान्य. पण ओतायला पाच मिनिटं लागतात, न ओतण्याचं कारण मला सापडत नाही.

नवीन किंवा दुरुस्त केलेला कन्व्हर्टर असेल तर तो कोरडाठाक असतो, त्याला तर भरायचंच. आडवाटेचा यांचा जुनाच आहे, थोडं तेल आत असणार, त्यांनी अर्धा लिटर ओतला तरी चालेल.

तेलाचा विषय निघालाच आहे तर: आतून काढलेल्या तेलात चकाकणारी धातूची पूड किंवा क्लचच्या अस्तराचे काळे कण असतील तर तो कन्व्हर्टर धुवून परत लावू नये. बंद वेल्डिंग केलेला डबा आहे तो, आतले कण पूर्ण निघत नाहीत. कूलर आणि त्याच्या नळ्याही धुवाव्या लागतात. पण इथे गिअरबॉक्स ठीक चालत होता, फक्त सील गळत होतं, म्हणून हा भाग सोडून देऊ.

---

अवांतरवीर

अवांतर: हे यंत्र मुळात मोटारीसाठी नव्हतंच. जर्मनीत हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ साली पेटंट घेतलं ते जहाजासाठी. वाफेचं टर्बाइन वेगात फिरतं आणि पंखा सावकाश फिरायला हवा, त्यांच्यामध्ये दुवा म्हणून. मोटारीत आधी आला तो साधा फ्लुइड कपलिंग, स्टेटर नसलेला. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमधला हायड्रामॅटिक तसा होता. खरा टॉर्क कन्व्हर्टर ब्यूकच्या डायनाफ्लोमध्ये, १९४८ च्या मॉडेलला. स्टेटर आला म्हणून टॉर्क वाढायला लागला, गाडी जागेवरून निघताना दुप्पट-सव्वादोनपटीपर्यंत. आणि स्टेटर आला म्हणून तुमचा एक 'टक्' वाढला :)

---

तेराचा पाना

अवांतर असलं तरी आवडलं.

---

नवी_चाकं

माझ्या गाडीला क्लच पेडल नाही, पण ती एएमटी आहे. हे सगळं तिलाही लागू का? आणि हल्लीच्या ८ गिअरच्या डब्यांना?

---

मीनल_यंत्र

एएमटीत कन्व्हर्टर नसतो. नेहमीचा क्लच आणि नेहमीचा गिअरबॉक्स, फक्त पाय आणि हात यांच्याऐवजी मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा काम करते. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) असलेल्या बऱ्याच गाड्यांत मात्र कन्व्हर्टर असतो, तिथे हे सगळं लागू.

८ गिअरचं म्हणाल तर झेडएफच्या ८एचपीमध्ये पंप हबवर सरळ बसत नाही, बाजूला असतो आणि साखळीने फिरतो. पण त्या साखळीचं चाक कन्व्हर्टरच्याच हबने फिरतं. म्हणजे हब अडकला पाहिजे, हा नियम तिथेही तोच. मापाचा आकडा त्या त्या गिअरबॉक्सचा.

---

आडवाटेचा

बसला!

शेपटीवर उभा करणं जमलं नाही, पण पुढचं तोंड बरंच वर घेतलं. दात १ आणि ७ वर होते. खुणा जुळवून, वजन हाताने पेलून, न दाबता फिरवला आणि तो आत गेला. आवाजापेक्षा हाताला जास्त कळलं, चांगला बोटभर आत उतरला.

खोली आता २८ मिमी, तिन्ही बोल्टच्या जागी. २८ वजा २५, म्हणजे ३ मिमी फट. बरोबर ना?

चढवण्याआधी आणखी काही?

---

तेराचा पाना

छान! ३ मिमी उत्तम.

आता सगळ्यात महत्त्वाचं: तो पुन्हा पुढे सरकू देऊ नका. जॅकवर घेताना गिअरबॉक्सचं तोंड किंचित जरी खाली झुकलं तरी कन्व्हर्टर घसरतो आणि पंपातून सुटतो. एवढी मेहनत करून पुन्हा तीच १२ मिमी. बेलहाउसिंगच्या दोन बोल्टच्या भोकांतून एक लोखंडी पट्टी आडवी बांधा, कन्व्हर्टरला टेकून. इंजिनला भिडायच्या अगदी आधी काढा. पट्टी काढल्यावर खोली परत एकदा मोजा. कंटाळा करू नका.

ज्यांचा गिअरबॉक्स गाडीतच राहतो आणि इंजिन काढलं जातं, त्यांनाही हेच लागू. इंजिन पुढे ओढताना कन्व्हर्टर त्याच्याबरोबर थोडा पुढे येतो, कुणाच्या लक्षात येत नाही. परत इंजिन बसवताना पंपाचा बळी.

---

निवृत्त फिटर

फ्लेक्सप्लेट निरखून बघा. क्रँकच्या बोल्टभोवती केसासारख्या चिरा पडतात, तेलात-धुळीत दिसत नाहीत. पुसून, उजेड तिरका पाडून बघायचं. चीर असेल तर बदलाच. तिला उलटी-सुलटी बाजू असते, काढली असेल तर कुठली बाजू इंजिनकडे होती ते तपासा.

क्रँकच्या मागच्या भोकात कन्व्हर्टरचं पुढचं बोंड बसतं. तिथला गंज साफ करून ग्रीसचं बोट फिरवा. ग्रीस जास्त नको. तिथे बोंड अडकलं की कन्व्हर्टर पुढे येत नाही आणि लोक बोल्टने ओढतात, मग फ्लेक्सप्लेट वाकते.

दोन्ही डावेल पिना जागेवर आहेत ना? जुन्या गाड्यांत एखादी हरवलेली असते. पिन नसेल तर गिअरबॉक्स केसभर खाली बसतो, हब तिरका फिरतो आणि पंपाचं बुश आणि सील दोन्ही जातात. बोल्ट डावेलचं काम करत नाहीत.

---

मीनल_यंत्र

भिडवल्यावरचा क्रम असा ठेवा. इंजिन मागच्या टोकाला थोडं खाली झुकलेलं असेल, गिअरबॉक्सचा कोन त्याला जुळवून घ्या. हाताने ढकलून बेलहाउसिंग मिटलं पाहिजे. दोन बोल्ट बोटांनी लावा आणि तिथेच कन्व्हर्टर फिरवून बघा. खालच्या झाकणातून हात जातो. तो मोकळा फिरला पाहिजे आणि पुढे-मागे सरकलाही पाहिजे. मगच बाकीचे बोल्ट.

सगळे आवळून झाल्यावर कन्व्हर्टर पूर्ण मागे ढकला आणि फट मोजा. फीलर गेजची पानं कमी पडली तर ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा घाला: ३ मिमीचा जातो, साडेतीनचा जात नाही, झालं मोजून. बऱ्याच गाड्यांत दीड ते पाच मिमीच्या आसपास चालतं, तुमच्या मॉडेलचा आकडा मिळाला तर तोच खरा. ही फट मुद्दाम ठेवलेली असते. तेलाच्या दाबाने आणि वेगाने कन्व्हर्टर किंचित फुगतो, त्याला मागे सरकायला जागा हवी. आणि फट फारच जास्त असेल तर बोल्ट आवळताना कन्व्हर्टर इतका पुढे येतो की हबच्या खाचा पंपाच्या दातांना जेमतेम धरतात. अशा वेळी प्रत्येक बोल्टला सारख्या जाडीचा वॉशर घालायची पद्धत आहे. पण आधी फट का वाढली ते शोधा, चुकीचा कन्व्हर्टर किंवा चुकीची फ्लेक्सप्लेट निघू शकते.

बॅटरीची ऋण वायर काढलेली असू द्या. स्टार्टरने टिचकी मारून इंजिन फिरवायचं नाही. क्रँकच्या पुढच्या पुलीला सॉकेट लावून हाताने फिरवायचं, इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने. कन्व्हर्टरचे सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा, एकही पूर्ण आवळू नका. सगळे लागले की मगच एकेक करून ठरलेल्या टॉर्कने.

---

तेराचा पाना

आणि बोल्ट तेच वापरा जे निघाले होते. 'हा जरा लांब आहे, पण आटा जुळतो' हे इथे चालत नाही. लांब बोल्ट कन्व्हर्टरच्या झाकणाला आतून फुगवटा आणतो, आणि त्याच पृष्ठभागावर लॉकअप क्लच घासतो. मग गाडी विशिष्ट वेगाला थरथरते आणि लोक गिअरबॉक्सला शिव्या देतात.

---

शंकासुर

बरं, मान्य. माझा एक मुद्दा तरी टिकला, शेवटच्या दोन मिलिमीटरचा. तेवढ्यावर खूश आहे.

---

आडवाटेचा

चढवला. बेलहाउसिंग हाताने मिटलं, शेवटचा जेमतेम मिलिमीटरभर बोल्टने, दर वेळी कन्व्हर्टर फिरवून बघत. कन्व्हर्टर मागे ढकलल्यावर ३ मिमीचा ड्रिल बिट गेला, साडेतीनचा नाही. बोंड साफ होतं. फ्लेक्सप्लेटला चीर नाही. मित्राला मापं दाखवली, तो आता स्वतःच सगळ्यांना पट्टी आणि व्हर्नियर सांगत फिरतोय.

तेल भरून उद्या सुरू करेन. पहिल्यांदा सुरू करताना काय बघू?

---

निवृत्त फिटर

सुरू करण्याआधी काडीवर दिसेल इतकं तेल भरा, पण डबे उघडून जवळ ठेवा. इंजिन सुरू होताच पंप तेल कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये ढकलतो, पॅनमधली पातळी झपाट्याने उतरते. गिअर 'पी'मध्ये, रेस न करता, दुसऱ्या माणसाकडून सुरू करून घ्या आणि स्वतः ओतत राहा.

कान गिअरबॉक्सकडे. बारीक, लांबट गुणगुण आली आणि तेल ओतल्यावर गेली, तर पंप हवा ओढत होता, काळजी नको. तेल पुरेसं असूनही गुणगुण राहिली किंवा खरखर आली, तर ताबडतोब बंद करा. मग ब्रेक दाबून एकेका गिअरमध्ये काही क्षण थांबत जा, 'आर', 'एन', 'डी', सगळे. आता धक्का जाणवला पाहिजे, म्हणजे दाब पोचतोय.

पातळीची शेवटची तपासणी तेल गरम झाल्यावर, सपाट जागेवर, मॅन्युअलमध्ये सांगितलंय त्या पद्धतीने. काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, काहींत बंद करून. हे उलटं केलं तर लिटरभराचा फरक पडतो.

---

आडवाटेचा

सुरू केली. थोडी गुणगुण आली, तेल ओतलं तशी गेली. सगळे गिअर लागतायत. थोडं चालवून आलो, वेग धरल्यावर लॉकअपही लागतोय, इंजिनच्या फेऱ्यांचा आकडा खाली येतो ते दिसतं.

एकच. परत आल्यावर बेलहाउसिंगच्या तळाशी एक थेंब लटकलेला दिसला. दोन्ही सीलं नवीन आहेत, मग कुठलं असावं?

---

मीनल_यंत्र

पांढऱ्या कागदावर टिपून बघा. तुम्ही भरलेलं एटीएफ लाल असेल तर लाल थेंब म्हणजे पंपाच्या बाजूचं, तपकिरी म्हणजे क्रँकच्या सीलचं. पण कन्व्हर्टर बसवताना बेलहाउसिंगमध्ये थोडं तेल सांडलं असणारच, आणि ते वाऱ्याने पसरून काही दिवस खाली उतरत राहतं. खालचं झाकण उघडून आतून पुसून घ्या, कन्व्हर्टरचा मागचा भाग हातात येईल तेवढा, आणि परत थोडी चालवून बघा. पुसल्यानंतरही कन्व्हर्टरच्या मागच्या बाजूने बाहेर फेकल्यासारखी ओल दिसली, तर मग पुढच्या सीलबद्दल बोलू.

---

आडवाटेचा

लाल. पुसून घेतलं, आज चालवून आलो. आत कोरडं आहे.